दुसऱ्या मजल्यावरच्या वकील मॅडम आणि माझ्या घोट्याचा दावा

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. हे आधीच सांगते, कारण अपघाताचे दावे चालवणाऱ्या वकिलाकडे येणारी निम्मी माणसं काठी नाहीतर वॉकर घेऊन येतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा उजवा पाय जमिनीला टेकवायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. मिस्टर जिना चढून वर सांगून आले आणि पाच मिनिटांत मॅडम स्वतः खाली उतरल्या. रिक्षात माझ्या शेजारी बसल्या, फाइल मांडीवर घेतली आणि विचारलं, "ताई, लायसन आहे का तुमचं?" आहे म्हटल्यावर दुसरा प्रश्न, "अपघाताची तारीख काय?" पाय कसा आहे हा तिसरा प्रश्न, पण विचारलं तेव्हा नीट विचारलं. कुठे दुखतं, जिना उतरताना की चढताना, मांडी घालता येते का, शौचाला कसं बसता. तोवर हे मला कुणी विचारलं नव्हतं.

मॅडमचं नाव इथे लिहीत नाही. लिहायची फार इच्छा होती, पण वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे आणि "माझं नाव घालून कुठे काही लिहू नका," असं त्यांनीच बजावलंय. तरीही लिहितेय. आमच्यावर वेळ आली तेव्हा अपघाताचा वकील कसा असतो, काय घेतो, काय करतो हे सांगणारं कुणी भेटलं नव्हतं.

मी सांगलीत ब्लाऊज शिवते. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान आहे, दोन मशीन, एक पायमशीन आणि एक पिको-फॉलचं. नोव्हेंबर २०२२ मध्ये, लग्नसराईच्या तोंडावर, तयार ब्लाऊजची पिशवी स्कूटीच्या हुकाला अडकवून माधवनगर रस्त्याने सकाळी सातला निघाले होते. मागून दुधाच्या कॅनचा पिकअप टेम्पो आला. त्याने मला ओलांडलं आणि लगेच, सिग्नल न देता, डावीकडच्या गल्लीत वळवला. मी त्याच्या मागच्या चाकाजवळ आदळले. स्कूटी पायावर पडली. घोट्याची दोन्ही हाडं मोडली, एक पट्टी आणि सात स्क्रू घालावे लागले. ड्रायव्हर बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा होता. तो पळाला नाही हे मी कोर्टातही सांगितलं. त्यानेच उचलून रिक्षात बसवलं. पहाटे तीनपासून फेऱ्या मारतोय, ताई, डोळा लागत होता, असं म्हणत तो रडत होता.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी टेम्पोचा मालक आला. सफरचंदाची पिशवी आणली होती आणि पाकिटात तीस हजार रुपये. सोबत शंभरच्या स्टॅम्पपेपरवर टाइप केलेला कागद: माझीही चूक होती, माझी काही तक्रार नाही, इथून पुढे काही मागणार नाही. मालक माणूस वाईट नव्हता, हात जोडून बोलत होता. दवाखान्याचं बिल तोवर सव्वा लाखाच्या पुढे गेलेलं. मिस्टरांनी पेन हातात घेतलं होतं. माझ्या जाऊबाई तिथे होत्या, त्या म्हणाल्या, घरी नेऊन वाचतो आणि सांगतो. तो कागद अजून माझ्याकडे आहे. मॅडमनी तो बघून एवढंच म्हटलं, "जाऊबाईंना माझा नमस्कार सांगा."

त्याच आठवड्यात वॉर्डात दुसरा एक माणूस फिरत होता. वकील नव्हे, वकिलाचा माणूस. प्रत्येक मोडक्या हातापायाच्या खाटेशी जाऊन कार्ड द्यायचा. "एक पैसा आधी नको, मिळालेल्या रकमेतले पंचवीस टक्के." ऐकायला बरं वाटतं. त्याने कोरा वकालतनामा, म्हणजे वकील नेमल्याचा कागद, आणि आणखी चार कोऱ्या कागदांवर सह्या मागितल्या, आणि दवाखान्याची मूळ बिलंही. शेजारच्या खाटेवरच्या मावशींनी दिल्या. आम्ही उद्या बघू म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी तो रागावला.

मॅडमना मी हे सांगितलं तेव्हा त्या जराशा थांबल्या आणि म्हणाल्या, "वकिलाने निकालावर टक्का ठरवायचा नसतो. बार कौन्सिलच्या नियमात तसं स्पष्ट लिहिलंय. मी ठरावीक फी घेते." फी पंचवीस हजार, पाच हप्त्यांत. झेरॉक्स, टायपिंग, साक्षीदाराचा खर्च वेगळा. प्रत्येक हप्त्याची पावती मिळाली, पाचही पावत्या माझ्याकडे आहेत. आणि एक गोष्ट त्यांनी न विचारता सांगितली: बाईमाणसाला उत्पन्न कितीही असलं तरी सरकारकडून मोफत वकील मिळू शकतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. "तिकडे जायचं असेल तर अर्ज मी लिहून देते." स्वतःचं गिऱ्हाईक दुसऱ्या दाराकडे बोट दाखवून पाठवणारा माणूस मी आमच्या धंद्यातही बघितलेला नाही. आम्ही तिथेच ठरवलं.

आता कामाबद्दल.

पहिल्या अर्ध्या तासात त्यांनी जे समजावून सांगितलं ते शाळेत शिकवायला हवं असं मला मनापासून वाटतं. चूक ड्रायव्हरची. पण तो मालकाच्या कामावर गाडी चालवत होता, म्हणून मालकही जबाबदार. आणि रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीला तिऱ्हाइताचा विमा, म्हणजे थर्ड पार्टी, कायद्याने सक्तीचा आहे, म्हणून मालकाची जबाबदारी विमा कंपनी उचलते. तिघांनाही पार्टी करायचं: सामनेवाले, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध दावा ते, क्रमांक एक, दोन आणि तीन. मला वाटत होतं आपण त्या पोराच्या आणि मालकाच्या पोटावर पाय देतोय. ते ओझं त्या दिवशी उतरलं. ड्रायव्हरवरचा पोलीस केस वेगळा, तो त्याला शिक्षा व्हावी की नाही यासाठी. त्यावर तेव्हा भारतीय दंड विधानाच्या (भादंवि) २७९, ३३७ आणि ३३८ कलमांखाली गुन्हा होता. आपला दावा वेगळा, तो माझं जे गेलं ते भरून मिळावं यासाठी. शिक्षेच्या केसमध्ये पुरावा शंकेला जागा न ठेवणारा लागतो, दाव्यात तेवढा कडक लागत नाही.

रस्ते दोन होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चूक कुणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात, मृत्यू असेल तर पाच लाख. कलम १६६ खाली चूक सिद्ध करायची आणि पूर्ण नुकसान मागायचं. १६४ ची ठरीव रक्कम स्वीकारली की पूर्ण दावा संपतो. मॅडमनी दोन्ही सांगितले आणि घाई केली नाही. घाई एकाच गोष्टीची केली, मुदतीची. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत दावा दाखल करायची अट आली आहे. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण "आव्हानाच्या भरवशावर आपण राहायचं नाही," म्हणाल्या. पाय बरा झाला की बघू, असं म्हणत आम्ही बसलो असतो तर ते सहा महिने वॉकरवरच संपले असते. मार्च २०२३ मध्ये दावा विजयनगरच्या कोर्टात, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, दाखल झाला.

कागदांच्या बाबतीत मॅडम फार कडक आहेत. नव्या नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. आमच्या बाबतीत फिर्याद, घटनास्थळ पंचनामा, गाडीचे कागद, सगळं मिस्टरांना चकरा मारून आणावं लागलं. पंचनाम्याची नक्कल मिळाली तेव्हा मॅडमनी पेन्सिलने एका ओळीखाली रेघ ओढली. माझी स्कूटी रस्त्याच्या डाव्या कडेपासून तीन फुटांवर पडलेली होती. मी माझ्या बाजूने, कडेने जात होते, हे त्या तीन फुटांवर उभं राहिलं. पुढे कंपनीच्या वकिलांनी चूक अर्धी माझी म्हणून बघितलं तेव्हा तीच ओळ कामाला आली. हेल्मेट नव्हतं हेही त्यांनी काढलं. नव्हतं, खरं आहे, आता मी हेल्मेटशिवाय गल्लीबाहेर जात नाही. पण मॅडम उठून म्हणाल्या, अर्जदाराचा घोटा मोडला आहे, डोक्याला खरचटलेलंही नाही. हेल्मेट असतं तर घोटा वाचला असता का? न्यायाधीशांनी तो मुद्दा तिथेच सोडला.

ज्या दिवसासाठी मी हे सगळं लिहायला बसले तो दिवस कोर्टातला नाही, माझ्या दुकानातला आहे.

सरकारी रुग्णालयातून मला अपंगत्वाचा दाखला मिळाला होता, उजव्या पायाचं २४ टक्के कायमचं अपंगत्व. कंपनीचं म्हणणं होतं की २४ टक्के एका पायाचं, सगळ्या शरीराचं म्हटलं तर आठ टक्के, म्हणून कमाईचं नुकसानही आठ टक्के. मॅडम म्हणाल्या, "शरीर किती गेलं हा प्रश्नच नाही. तुमचं काम किती गेलं हा प्रश्न आहे." सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात हेच सांगितलंय: माणूस काय काम करत होता, त्यातलं आता काय करू शकतो आणि काय नाही, हे बघून कमाईचं नुकसान ठरवायचं. "आणि ते मला बघितल्याशिवाय लिहिता येणार नाही." साक्षीच्या आधीच्या रविवारी त्या दुकानात आल्या.

चहा नको म्हणाल्या. मशीनजवळ स्टूल ओढून बसल्या, मनगटातलं घड्याळ काढून कटिंगच्या टेबलावर ठेवलं. "शिवा. मी आहे म्हणून थांबू नका." मी अस्तराचा ब्लाऊज घेतला. पायमशीन दोन्ही पायांनी चालतं, पण तोल उजव्या पायावर. टाच खाली, चवडा वर, चवडा खाली, टाच वर, हे घोट्यातूनच होतं. माझा घोटा आता तेवढा वाकत नाही. पहिल्या बाहीला काही वाटलं नाही. दुसऱ्या बाहीच्या मुंढ्याला गोलाईवर मशीन हळू चालवावं लागतं, तिथे पाय अडला आणि चाक उलटं फिरून दोरा तुटला. दोरा ओवला, पुन्हा तुटला. बावीस मिनिटांनी मला पाय खाली सोडून बसावं लागलं. मॅडमनी खाली वाकून बघितलं, घोट्याभोवती चपलेच्या पट्ट्याचा वळ उठलेला. त्यांनी वहीत लिहिलं: २२ मिनिटं, सूज, दोनदा दोरा. मग विचारलं, आधी दिवसाला किती व्हायचे? मी म्हटलं, साधे सहा-सात, अस्तराचे चार. आता? अस्तराचे दोन, तेही रात्रीपर्यंत.

मग मापांची वही मागितली. माझ्याकडे आयकर नाही, बिलबुक नावापुरतं. पण मापांच्या वह्या मी २०१६ पासूनच्या जपून ठेवल्यात. प्रत्येक पानावर गिऱ्हाइकाचं नाव, छाती, कंबर, मुंढा, गळा, तारीख आणि खाली शिलाई. मॅडमनी त्या सगळ्या नेल्या. दहा दिवसांनी परत आल्या तेव्हा महिन्यावारी बेरीज केलेले कागद त्यात होते. माझ्या स्वतःच्या कमाईचा असा हिशोब मीही कधी बघितला नव्हता. सरासरी महिना साडेसतरा हजार निघत होती. घरात सगळे म्हणायचे, हातखर्चाचं सुटतं. ते आकडे बघून मिस्टर बराच वेळ काही बोलले नाहीत.

उलटतपासणीत कंपनीच्या वकिलांनी विचारलं, मशीनला मोटार बसवता येते हे खरं आहे का? मी म्हटलं खरं आहे. मग पायाचा प्रश्न येतोच कुठे? मॅडमनी मला आदल्या दिवशी एवढंच सांगितलं होतं की खरं आहे ते खरं म्हणायचं, वाढवायचं नाही, घटवायचं नाही. मी म्हटलं, मोटारीचं पेडलही पायानेच दाबतात, आणि गोलाईला ते जरा दाबून जरा सोडायचं असतं. डाव्या पायाने शिकतेय, सरळ शिलाई जमते, मुंढा आणि गळा जमत नाही. न्यायाधीश साहेबांनी मान वर करून विचारलं, गळा म्हणजे? मी हातानेच हवेत गोल करून दाखवला. ते त्यांनी लिहून घेतलं.

वाट बघणं मात्र फार जीव खातं. तारीख पडते, साहेब रजेवर, पुढची तारीख. सप्टेंबर २०२४ च्या राष्ट्रीय लोकअदालतीत कंपनीने चार लाख देऊ केले. लोकअदालतीत तडजोड झाली की त्यावर अपील नाही, तिथल्या तिथे विषय संपतो. तेव्हा कंपनीचा मुख्य आधार असा होता की ड्रायव्हरकडे हलक्या वाहनाचं लायसन आहे, पण मालवाहतुकीची वेगळी नोंद त्यावर नाही. तोच प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांपुढे होता. मॅडमनी फाइलच्या पाठीवर दोन बाजू लिहिल्या. निकाल विरुद्ध गेला तर कंपनी आधी भरेल आणि मालकाकडून वसूल करेल असा हुकूम होण्याची शक्यता जास्त, पण वेळ लागेल. बाजूने गेला तर तो मुद्दाच उरत नाही. "घ्या म्हणणार नाही, नको म्हणणार नाही. चार लाख आज खरे आहेत." त्या वेळी मला त्यांचा राग आला होता. मुलीची अकरावीची फी भरायची होती, सोसायटीचं कर्ज थकलेलं, आणि मला वाटत होतं कुणीतरी ठामपणे सांगावं. आता वाटतं की तो निर्णय माझ्या हातात ठेवला हे बरोबरच केलं. आम्ही चार लाख घेतले नाहीत. ६ नोव्हेंबर २०२४ ला त्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाचा निकाल आला की साडेसात हजार किलोपर्यंतचं वाहन हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येतं, वाहतुकीची वेगळी नोंद लागत नाही. त्या संध्याकाळी मॅडमचा फोन आला, त्यांनी स्वतःहून केलेला हा एकच.

दुसरा मुद्दा मेडिक्लेमचा. मिस्टरांच्या कारखान्याच्या गट विम्यातून दवाखान्याच्या बिलापैकी एक लाख वीस हजार मिळाले होते. कंपनी म्हणत होती, ते वजा करा, एकाच बिलाचे दोनदा पैसे कसे? ऐकायला मलाही ते बरोबरच वाटलं होतं. पण मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने निकाल दिला की मेडिक्लेमची रक्कम अपघाताच्या भरपाईतून वजा करता येत नाही. त्या विम्याचा हप्ता आपण भरलेला, ते आपल्या तरतुदीचं फळ, दोषी गाडीवाल्याला त्याचा फायदा का द्यायचा? युक्तिवादाच्या दिवशी मॅडमनी तो निकाल पानांना खुणा करून दिला.

ऑगस्ट २०२५ मध्ये निवाडा झाला. त्याचा हिशोब मी मापांच्या वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून ठेवलाय. उत्पन्न महिना १२ हजार धरलं, आम्ही मागितलं होतं साडेसतरा. स्वतःचा धंदा आणि वय चाळीस ते पन्नासमधलं म्हणून पुढच्या वाढीचे २५ टक्के, म्हणजे १५ हजार. वर्षाचे १ लाख ८० हजार. कमाईचं नुकसान ३० टक्के धरलं. दाखल्यावरच्या २४ पेक्षा जास्त आणि कंपनीच्या आठपेक्षा कितीतरी जास्त, आणि कारणात गळा, मुंढा, बावीस मिनिटं हे सगळं आलंय. वर्षाचे ५४ हजार. अपघाताच्या वेळी मी ४३ वर्षांची होते. ४१ ते ४५ वयाला १४ चा गुणक, म्हणजे वर्षाच्या नुकसानीला ज्याने गुणायचं तो आकडा, तो सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ठरवून दिलेला आहे. झाले ७ लाख ५६ हजार. त्यात दवाखाना २ लाख १३ हजार ६००, सहा महिने बुडालेली कमाई ७२ हजार, वेदनेचे ७५ हजार, जगण्यातल्या गमावलेल्या गोष्टींचे ५० हजार, सोबतीचं माणूस, खाणं आणि रिक्षाचे ४० हजार, पट्टी काढायच्या पुढच्या ऑपरेशनचे ४० हजार. एकूण १२ लाख ४६ हजार ६००, आणि पुढच्या ऑपरेशनची रक्कम सोडून बाकीवर दावा दाखल केल्या तारखेपासून द.सा.द.शे. ७ टक्के व्याज. कंपनीने अपील केलं नाही, नोव्हेंबरात पैसे भरले. त्यातले चार लाख न्यायाधिकरणाने मुदत ठेवीत ठेवायला सांगितले. पैसे माझ्या खात्यात आले, मॅडमच्या नाही. त्यांचा शेवटचा हप्ता मी दुसऱ्या दिवशी दिला.

जगण्यातल्या गमावलेल्या गोष्टी म्हणजे काय, असं मी विचारलं होतं. मॅडम म्हणाल्या, तुम्ही सांगा. मी म्हटलं, आषाढात आम्ही भाऊबहिणी दरवर्षी वाखरीपासून पंढरपूरपर्यंत चालत जायचो. ते प्रतिज्ञापत्रात घातलं. कोर्टाच्या कागदात वाखरी वाचताना मला भरून आलं.

उणं सांगितलं पाहिजे, कारण आहे. ऑफिसची वेळ संध्याकाळी साडेसहा ते नऊ लिहिलेली असली तरी मॅडम साडेसातच्या आधी क्वचित येतात, आणि बाहेरच्या बाकाला पाठ नाही. फोन त्या घेत नाहीत, क्लार्ककडे निरोप द्यावा लागतो. एकदा तारखेचा निरोप आदल्या रात्री अकराला आला आणि मी जाऊ शकले नाही. दाखल्यावर सही करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष लागते, त्याशिवाय दाखल्याला वजन नाही. त्यांना समन्स काढायला उशीर झाला, पहिल्या तारखेला डॉक्टर आले नाहीत, आणि त्यात चार महिने गेले. समन्स दोन महिने आधी निघायला हवं होतं, हे मी मॅडमना तोंडावर सांगितलंय.

आणि फिजिओथेरपीचे अठरा हजार गेले ते गेलेच. घरी येणारी मुलगी दर आठवड्याला कोऱ्या चिठ्ठीवर रक्कम लिहून सही करायची. नाव छापलेलं नाही, पावती क्रमांक नाही, नोंदणी क्रमांक नाही. न्यायाधिकरणाने त्या चिठ्ठ्या धरल्या नाहीत. मॅडमनी पहिल्या दिवशी दवाखान्याच्या बिलांबद्दल सगळं सांगितलं, याबद्दल सांगायचं राहून गेलं. मी विचारलं तेव्हा त्यांनी सबब दिली नाही, "माझ्याकडून राहिलं," म्हणाल्या. आता त्यांच्या बाहेरच्या भिंतीवर मराठीत हाताने लिहिलेला कागद लावलाय, कुठली कुठली पावती जपायची त्याचा. त्यात तिसरी ओळ फिजिओथेरपीची आहे.

पाचपैकी चार तारे देतेय. ज्यांना पहिल्याच भेटीत "पंधरा लाख मिळवून देतो" असं ऐकायचंय त्यांनी तिकडे जाऊ नये. अडीच वर्षांत "नक्की मिळेल" हा शब्द मॅडमच्या तोंडून मी एकदाही ऐकला नाही. ज्यांच्या घरात आत्ता कुणी प्लॅस्टरमध्ये आहे त्यांनी मात्र तारीख बघावी, सहा महिने मोजावेत आणि कोऱ्या कागदावर कुणालाही सही देऊ नये. कुठल्याही वकिलाकडे जा, पण फी किती आणि पावती मिळणार का हे पहिल्या दिवशी विचारा. जाताना फिर्यादीची नक्कल, लायसन, दवाखान्याची मूळ बिलं आणि एक्स-रे न्या, आणि तुमच्या कामाची जी काही नोंद असेल ती, मग ती दुधाची वही असो की उधारीची.

मॅडमचा पत्ता हवा असेल तर कोर्टाच्या आवारात कुणालाही विचारा, अपघाताचं काम बघणाऱ्या, काळ्या कोटाचं अस्तर डाव्या बाहीला उसवलेल्या मॅडम कुठे बसतात. तो कोट दुकानात आणून टाका असं मी तीनदा सांगितलंय. संध्याकाळी साडेसातनंतर जा. पाय दुखत असेल तर जिना चढू नका, खालच्या झेरॉक्सवाल्याला सांगा. तो वर फोन लावतो आणि मॅडम खाली येतात.